आमच्या घरमालकांचा शाकाहारी ओटा

हिंजवडीजवळच्या जांबे गावात मी भाड्यानं राहते. आमच्या इमारतीच्या मालकांना सगळे अण्णा म्हणतात, मीही म्हणते. हे अण्णा परवापरवापर्यंत मटणाचा रस्सा वाटीत न घेता थेट तांब्यात घेणारे गृहस्थ होते. तरुणपणी तालमीत घुमलेले, त्यामुळे शरीराला ते लागतं असं त्यांचं म्हणणं. शरीर तालमीतून बाहेर पडून बरीच वर्षं झाली होती, पण ही बातमी जिभेपर्यंत पोचली नव्हती. मग गावात सप्ताह बसला, काल्याच्या कीर्तनाला आलेल्या महाराजांच्या हातून अण्णांनी तुळशीची माळ घातली, आणि एका दिवसात मटण सुटलं. याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. माझा अजून चहासुद्धा सुटलेला नाही.

पण एखादी गोष्ट सोडली की ती आपण एकट्यानंच सोडलीय हे माणसाला सहन होत नाही. अण्णांनी घरात जाहीर केलं की आता इथं मांसमच्छी शिजणार नाही. वहिनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, माळ घातलेली नव्हती. त्यांचं माहेर ताम्हिणी घाटाच्या खाली, कोकणात. तिकडून दरवर्षी सुकट आणि बोंबील यांची बोचकी येतात. वहिनींच्या मते सुकट हा मांसाहार नाहीच, ते तोंडीलावणं आहे. बरीच ओढाताण होऊन ठरलं की त्यांना आपलं काही शिजवायचं तर त्यांनी गोठ्यामागं शिजवावं, तीन दगडांच्या चुलीवर.

गोठा आपला म्हणायचा. म्हशी कधीच गेल्या. आता तिथं हिंजवडीतल्या कंपन्यांना माणसं पोचवणाऱ्या गाड्या उभ्या असतात. वहिनी दोन गाड्यांमधल्या बोळात उकिडव्या बसून बोंबील भाजायच्या, गाड्यांच्या काचा उघड्या असायच्या, आणि पुढं तासभर पाळीला निघालेल्या इंजिनियरांना वातानुकूलित बोंबील मिळायचा. एका ड्रायव्हरनं हात जोडून सांगितलं, "मावशी, साब लोग कंप्लेंट करते हैं."

"मंग त्येंला म्हनावं, उतरून जेवून जावा," वहिनी म्हणाल्या.

वहिनींचे गुडघे मात्र कुरकुरत होते. त्यांना खाली बसायला कष्ट पडत, आणि उठायला तर गाडीचा बंपर धरावा लागे.

अशात अण्णांनी शेजारच्या मोकळ्या जागेत बंगला बांधायला काढला. बंगल्याबद्दल मी फार बोलत नाही. त्याला खांब आहेत. छताला लागतात त्याहून बरेच जास्त आहेत. वहिनींना खांबांत रस नव्हता. त्यांना एकच गोष्ट हवी होती, ती म्हणजे उभ्यानं स्वयंपाक करता येईल असा ओटा आणि त्याच्यासमोर खिडकी. ओटा होणार होता, खिडकीही होणार होती. पण स्लॅब पडायच्या आधीच अण्णांनी सांगून टाकलं, "नव्या घरात मच्छी न्हाई म्हंजे न्हाई. वास्तुशांतीला महाराज येनार हायेत." थोडक्यात, वहिनींना बंगला मिळणार होता, आणि सुकट खायची असेल तर पुन्हा बंपर धरावा लागणार होता.

ओटा बसला त्या दिवशी वहिनी मला तो दाखवायला घेऊन गेल्या. जांब्यात सगळ्यांचे ओटे काळ्या ग्रॅनाइटचे. अण्णांना सगळ्यांसारखं नको होतं, म्हणून त्यांनी भूगावच्या एका दुकानातून राजस्थानचा पिवळा दगड आणला होता. चकचकीत पॉलिश केलेला, त्यात तपकिरी नक्षी. दुकानदारानं सांगितलं होतं की नक्षी नॅचरल आहे. यात त्यानं तसूभरही थाप मारलेली नव्हती.

मी त्या दिवसांत मुलांसाठीच्या एका पुस्तकाचा अनुवाद करत होते. विषय होता जीवाश्म, आणि त्यांच्यावरून कळणारी जुनी हवामानं आणि सरकणारे खंड. मेंढ्याच्या शिंगासारखं वेटोळं, आत आडवे कप्पे, असं एक चित्र कित्येक दिवस माझ्या टेबलावर पडून होतं. खिडकीशी वाकून पाहिलं तर तेच वेटोळं ओट्यात. अनोळखी लग्नात एकदम शाळेतली मैत्रीण दिसावी तसं मला झालं.

"वहिनी, हा प्राणी आहे!"

वहिनींनी आधी साडी घोट्यापासून वर उचलली आणि मग खाली बघितलं. "कुटं?"

"खाली नाही, इथं. दगडात. जुना आहे हा, डायनोसॉरांच्या काळातला. समुद्रात राहायचा."

"गोगलगाय म्हनायची का?"

"नाही, शंख दिसतोय पण जात म्हाकुळाची. स्क्विडची."

ही माहिती मी शास्त्रीय उत्साहाच्या भरात दिली. वहिनींनी ती वेगळ्या भरात घेतली. "म्हाकूल?" त्या पुढं झाल्या. "म्हाकूल लई ग्वाड लागतंय." मग त्यांनी चष्मा पुसला, लावला, आणि ओट्यावरून बोट फिरवत निघाल्या. दगडात शिंपल्यांच्या कडा होत्या, एकीत एक, नखांच्या कोरींसारख्या. "आनि ह्या तर तिसऱ्या, कालवनातल्या शिपल्या! ह्या बगा, ह्या बगा. पार त्या कोपऱ्यापतुर तिसऱ्या." त्या सिमेंटच्या गोणीवर बसल्या आणि पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. "ताई, माळकरी मानसानं मच्छीचा ओटा आनलाय वं!"

हा विनोद त्यांनी संध्याकाळपर्यंत जपून ठेवला. संध्याकाळी अण्णा ओट्यावर हात फिरवायला आले तेव्हा वहिनींनी तो त्यांना वाढला, आणि साक्षीला मला बोलावून घेतलं.

"मॅडम," अण्णा म्हणाले, "तुमी शिकलेल्या. सांगा हिला. ह्यो दगुड हाय."

"दगड आहे."

"झालं!"

"पण आधी प्राणी होता."

"कवाच्या काळी! मेला की त्यो."

"बोंबील बी मेल्यालाच असतोय," वहिनी म्हणाल्या. "जित्ता कोन भाजतंय?"

अण्णांनी दुसरी बाजू धरली. "राजस्थानात दर्या कुटनं आला? माझं मेव्हनं फिरून आल्यात. सगळी वाळू. उंट हायेत तितं."

मी सांगितलं की तिथं कधीकाळी उथळ, कोमट समुद्र होता, आणि ते उंटांना विचारून कळत नसलं तरी या शिंपल्यांवरून कळतं. समुद्राचे प्राणी दगडात सापडले की तिथं समुद्र होता. पोवळी सापडली की पाणी उबदार होतं. हे असं कुठंही होतं. चंद्रपूरकडं कोळशाच्या खाणी आहेत, त्या कोळशात जुन्या झाडांची पानं उमटलेली आहेत, म्हणजे तिथं जंगल होतं. आणि त्या कोळशाच्याही खालच्या थरात बर्फानं घासत आणलेले धोंडे आहेत.

"बर्फ? चांदा जिल्ह्यात?" अण्णांना आता ओट्याचा विसर पडला. "मॅडम, माझा साडू हाय तितं. उन्हाळ्यात फोन उचलत न्हाई. म्हनतो फोनच तापल्याला असतो."

"तेव्हा चंद्रपूर आत्ताच्या जागी नव्हतं. आपण सगळेच पार दक्षिणेला होतो. आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, अंटार्क्टिका, आपण, सगळे एकाला एक चिकटून."

"कशावरनं?"

या प्रश्नाची मी वाटच पाहत होते. सांगितलं की तेच पान, अगदी तसल्याच शिरांचं, या सगळ्या खंडांच्या जुन्या थरांत सापडतं. आणि डुकराएवढा एक प्राणी होता, त्याची हाडं आपल्याकडं आहेत, आफ्रिकेत आहेत आणि अंटार्क्टिकाच्या बर्फाखालीही आहेत. आखूड पायांचा तो. महासागर पोहून जायची त्याची ऐपत नव्हती. म्हणजे जमीनच एक होती.

"देवक एक निघालं म्हना की," वहिनी म्हणाल्या.

"कसं?"

"आवो, सोयरीक जमवताना आमच्यात देवक इचारत्यात. पोरीचं बी कळंब आनि पोराचं बी कळंब निघालं, की सोयरीक मोडली. गाव येगळं असू द्या, आडनाव येगळं असू द्या. मूळ एकच."

अण्णांनी मान डोलावली. "म्हंजे आफ्रिका आपली भावकी. वाटनी झाली आनि त्ये तिकडं, आपून हिकडं."

मी म्हटलं, अगदी तसंच. आपल्या वाट्याचा तुकडा मग उत्तरेला निघाला, वाटेत त्याच्यावर लाव्हा पसरला, पुढं जाऊन तो आशियाला धडकला, आणि अजूनही ढकलतोय. नखं वाढतात साधारण तितक्या वेगानं.

अण्णांनी आपल्या अंगठ्याचं नख निरखलं. "लई सावकाश की. माझा चुलतभाऊ बांध सरकवतोय, त्यो ह्याच्या किती म्होरं हाय." मग त्यांना खरी काळजी वाटली. "पर मॅडम, सगळाच देस सरकत असंल तर हद्दीच्या खुना कशाला धरून ठिवायच्या?"

"खुणाही बरोबरच सरकतात."

"आनि चुलतभाऊ?"

"तोही."

यानं त्यांचा विरस झाला. ते खिडकीतून समोरच्या डोंगराकडं बघत राहिले. मग म्हणाले, "आपल्या दगडात निघत न्हाई का असलं काय?"

"नाही. आपला दगड लाव्हाचा. वितळलेल्या दगडात कोण राहणार? सह्याद्री जवळजवळ पूर्ण शाकाहारी आहे."

अण्णा हळहळले. समोर अख्खा शाकाहारी डोंगर उभा, आणि त्यांनी पैसे मोजून राजस्थानचा मांसाहारी दगड आणलेला.

"दर्या ऱ्हाऊ द्या, डोंगूर ऱ्हाऊ द्या," वहिनी म्हणाल्या. "माज्या सुकटीचं बोला. ओटा तर बाटल्यालाच हाय. मग मी हितं चार सुकटी परतल्या तर नवीन काय हुनार हाय?"

"बाटला न्हाई. त्यात मांस कुटं राह्यलंय? सुकून सुकून दगुड झालाय त्येचा."

वहिनी बाहेर गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात सुका बोंबील होता. तो त्यांनी ओट्यावर आपटला. ठक्. पुन्हा आपटला. ठक्.

"ह्यो बी दगुडच हाय."

"आगं, त्येला लाखो वर्सं झाली. ह्येला किती दिस झालं?"

"मी त्येच इचारते. किती सुकलं म्हंजे शाकाहारी हुतं, त्ये सांगा. मी तेवडं सुकवते."

दोघांनी माझ्याकडं बघितलं. जीवाश्म व्हायला काय काय घडावं लागतं, ते माझ्या पुस्तकात चित्रांसहित होतं. प्राणी मरावा, गाळात गाडला जावा, त्याच्या जागी खनिजं भरावीत. पण या वाटेवर नेमक्या कुठल्या टप्प्याला तो माळकऱ्याला चालू लागतो, यावर लेखकानं मौन पाळलं होतं.

अण्णांनी विचार करायला तंबाखू काढली, तळहातावर घेतली आणि चुन्याची डबी उघडली.

"ताई," वहिनी अगदी सहज म्हणाल्या, "चुना कशाचा करत्यात वं?"

"चुनखडीचा."

"आनि चुनखडी कशाची हुती?"

मी भाडेकरू आहे. मी खिडकीबाहेर बघितलं.

"आमच्या म्हायेरी," वहिनी छताला उद्देशून म्हणाल्या, "शिपल्या भाजून चुना करायचे."

अण्णांचा अंगठा थांबला. त्यांनी डबी मिटली. त्या संध्याकाळी त्यांनी तंबाखू कोरडी खाल्ली आणि बराच वेळ तोंड वाकडं करून बसले. शेवटी म्हणाले, "ओटा काडून टाकतो." पण ते काढणार नव्हते, हे तिघांनाही माहीत होतं. असला ओटा जांब्यात कुणाकडं नाही, असं त्यांनी गावातल्या प्रत्येकाला हाताला धरून आणून दाखवलं होतं. असा ओटा उखडायचा तर कारण सांगावं लागलं असतं. मग त्यांनी दुसरा मार्ग काढला. "महाराजांना इचारू. त्ये म्हनतील त्ये मला मान्य."

"मला बी," वहिनी म्हणाल्या. हे त्यांनी फारच पटकन मान्य केलं, असं मला तेव्हाच वाटलं.

वास्तुशांतीच्या दिवशी वळणावर फ्लेक्स लागला. त्यावर अण्णांचा फोटो बंगल्यापेक्षा मोठा होता आणि खाली शुभेच्छुक नातेवाईकांची डोकी पोस्टाच्या तिकिटांसारखी ओळीनं चिकटवली होती. महाराज पांढऱ्या गाडीतून आले. त्यांच्या आधी गाडीला सावली शोधणारा एक माणूस आला, त्यांच्या मागून हातात दोन फोन धरलेला दुसरा. महाराजांसाठी मंगल कार्यालयातून सिंहासन मागवलं होतं, लाल मखमलीचं, हातांच्या जागी सोनेरी सिंह. पण तंटा स्वयंपाकघरात होता आणि सिंहासन दिवाणखान्यात. चौघांनी ते उचललं. दारातून सरळ जाईना, मग आडवं केलं, मग तिरकं. एका सिंहाचं नाक चौकटीला घासून पांढरं झालं. अखेर सिंहासन फ्रिज आणि सिंक यांच्या मधे बसलं, महाराज त्यावर बसले, आणि फोनवाल्याला जागा उरली नाही म्हणून तो खिडकीच्या बाहेर उभा राहिला.

महाराजांनी सगळं ऐकून घेतलं. उठून ओटा बघितला, वेटोळ्यावरून बोट फिरवलं. मग परत बसले आणि कीर्तनाच्या आवाजात बोलायला लागले, कारण त्यांना दुसरा आवाज नसावा.

"माउली, देवघरात शंख असतो का?"

"असतो!" अण्णा म्हणाले.

"शंख कोणाचा? प्राण्याचाच ना? मग तो आपण टाकून देतो का? आपण त्याची पूजा करतो. तसंच हे. हा ओटा बाटलेला नाही. हा ओटा पवित्र आहे!"

अण्णांचा चेहरा उजळला. खिडकीबाहेरच्या माणसानं दोन्ही फोन वर केले. पाठीमागं गर्दी करून उभ्या असलेल्या बायकांपैकी कुणीतरी विठ्ठल विठ्ठल म्हणालं. वहिनींनी पदर डोक्यावर घेतला आणि वाकून नमस्कार केला. महाराजांना नव्हे, ओट्याला.

"म्हंजे ह्यो देव, महाराज."

"देवच म्हणा."

"मंग ह्येच्यावर मी कनीक कशी मळू?"

महाराजांनी पुन्हा ओट्याकडं बघितलं.

"खरकटं सांडंल. दूध उतू जाईल. देवाच्या डोक्यावर कुकर ठिवायचा म्हंजे कसं दिसंल त्ये?" वहिनींचा आवाज अत्यंत नम्र होता. "आनि देव न्हाई म्हनलं, तर मंग म्हाकूल हाय. मी आडानी. तुमीच सांगा, ह्यो देव हाय का म्हाकूल?"

बाहेरचे दोन्ही फोन हळूच खाली आले. महाराजांनी उपरणं सारखं केलं. ते एका बाजूनं सरकवून दुसऱ्या बाजूनं सारखं केलं. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "मॅडमनी याचा अभ्यास केलाय असं कळलं. विज्ञानाचं काय म्हणणं?"

"विज्ञानाचं यावर काही म्हणणं नाही."

"विज्ञानाचं हे असं असतं बघा," महाराज म्हणाले. या बाबतीत मी त्यांच्याशी वाद घालू शकले नाही.

बाहेर पंगती बसल्या होत्या. महाराजांनी श्लोक म्हटल्याशिवाय कुणी घास उचलणार नव्हतं, आणि मांडवातून बुंदीचा वास थेट स्वयंपाकघरात येत होता. महाराजांनी एकदा वासाच्या दिशेला बघितलं. मग ते साध्या आवाजात बोलले. हा दुसरा आवाज त्यांच्याकडं होता तर. "अण्णा, माळ तुमच्या गळ्यात आहे. ओटा दोघांचा आहे. दोघांनी मिळून काय ते ठरवा, आणि लवकर ठरवा."

दोघांच्या मालकीची गोष्ट म्हटल्यावर अण्णांचं डोकं एकदम चालू झालं. देव की म्हाकूळ, हा त्यांचा प्रांत नव्हता. वाटणी हा होता. "मोजनी करू," ते म्हणाले. "टेप आना."

गवंडी पंगतीतून उठून टेप घेऊन आला. ओटा दोन मोठ्या लाद्यांचा होता, मधे सांधा. खिडकीकडची लादी शिंपल्यांनी गजबजलेली. दारापासून सिंकपर्यंतची दुसरी लादी वरवर पाहता साधी पिवळी. अण्णांनी सांध्यावर बोट ठेवलं. "हितनं हद्द. खिडकीकडलं हिचं, हिकडलं माझं. पर माझ्यात काय निघता कामा नये. मॅडम, बगून सांगा."

मी शब्दकोश वाचायला वापरते ते भिंग घेऊन आले आणि सिंहासन, महाराज आणि निम्मा गाव यांच्यासमोर ओट्यावर पालथी पडल्यासारखी वाकले. भिंगाखाली दुसरी लादी आली. एवढाल्या तिसऱ्या तिथं नव्हत्या. पण रव्यासारखे बारीक गोल कण होते, चकत्या होत्या, तुकडे होते. पूर्ण लादीच बहुधा कुणाकुणाच्या टरफलांची झालेली. त्या मानानं वहिनींची बाजू विरळ वस्तीची होती.

"काय हाय का?" अण्णांनी विचारलं. त्यांचा आवाज बारीक झाला होता. मी मान वर केली. वहिनींनी माझ्याकडं बघितलं. त्यांना सगळा ओटा नको होता. त्यांना त्यांची खिडकी हवी होती, आणि नवऱ्याला निदान एक लादी.

"डोळ्यांना दिसेल असं काही नाही," मी म्हणाले आणि भिंग खिशात टाकलं. तीस वर्षं अनुवाद करून माणूस दुसरं काही शिकत नाही, पण खरं किती आणि कुठं थांबवायचं ते शिकतो.

पुढच्या अटी भराभर ठरल्या. पाणी सामाईक. नळ कुणीही वापरावा. वहिनींची शेगडी वेगळी, पळ्या वेगळ्या, तवा वेगळा. त्यांच्याकडची पळी हद्द ओलांडून येणार नाही, अशी अण्णांची अट. अण्णांकडचा माणूस खिडकीशी उभं राहून नाक मुरडणार नाही, अशी वहिनींची. धूर आणि वास यांची वहिवाट कुठून, यावर थोडी चकमक झाली, ती पंगती खोळंबल्यात म्हणून चिमणी बसवायचं ठरून मिटली. "महाराज साक्षीला हायेत," अण्णा म्हणाले. महाराज साक्षीला उभे राहिले आणि तसेच मांडवाकडं निघाले. सिंहासन मात्र बाहेर निघेना. ते संध्याकाळपर्यंत फ्रिजशेजारी होतं, आणि वहिनींनी त्यावर बसून आलेल्या बायकांना ओटा दाखवला.

पूजा होऊन थोडे दिवस गेल्यावर वहिनींनी मला जेवायला बोलावलं. मी गेले तेव्हा त्या खिडकीशी उभ्या होत्या. नुसत्या उभ्या. शेगडी पेटवायची होती, सुकट निवडून धुऊन ठेवलेली होती, आणि त्या दोन्ही हात ओट्यावर टेकून बाहेरच्या गाड्यांकडं बघत होत्या. "लई बरं वाटतंय गुडघ्यांना," त्या म्हणाल्या. मग त्यांनी तवा ठेवला. तव्याखालून वेटोळ्याचं एक टोक तेवढं दिसत होतं.

अण्णा हॉलमध्ये टीव्हीसमोर पिठलं-भाकरी घेऊन बसले होते, स्वयंपाकघराकडं पाठ करून. कांदा तेलात पडला. थोड्या वेळानं हॉलमधून आवाज आला, "करपतोय."

"न्हाई करपत."

"करपतोय म्हनतो ना. हितवर वास आला. गॅस बारीक कर."

वहिनींनी गॅस बारीक केला. सुकट घातली, तिखट घातलं, परतली. चिमणी घरघरत होती आणि तिच्याकडं कुणी लक्ष देत नव्हतं, वासही नाही.

"आमसूल घातलं का?"

"घालते की."

"दोन घाल. गोठ्यामागं करायचीस तवा कमी पडायचं."

वहिनींचा हात बरणीत थांबला. "तुमाला काय ठावं? तुमी तर खात न्हवता."

हॉलमधल्या टीव्हीचा आवाज मोठा झाला. वहिनींनी माझ्याकडं बघून डोळे मोठे केले आणि दोन आमसुलं घातली.